चूल वेगळी, पाटी तीच
१ जानेवारी २०२५ पासून आयटीसीचा हॉटेल-व्यवसाय स्वतंत्र कंपनीच्या स्वाधीन झाला. घरोघरच्या वाटण्या पाहिलेल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटू नये. सिगारेटचा धंदा थोड्या भांडवलात भरघोस नफा देणारा. हॉटेले मात्र भांडवल गिळणारी, फळ सावकाश देणारी. एकाच ताळेबंदात दोहोंची सरमिसळ झाली की कोणाचेच खरे मोल उमगत नाही, ही भागधारकांची जुनी तक्रार. आता दहा शेअरांमागे नव्या कंपनीचा एक शेअर त्यांच्या पदरी पडला. परंतु ही वाटणी पुरती नव्हे! सुमारे ४० टक्के हिस्सा आयटीसीने स्वतःकडेच राखला. नावही थोरल्या घराचेच. उद्या हॉटेलांना मंदीचे दिवस आले, तर सिगारेटच्या नफ्याची थैली पुन्हा सुटणार काय, याचा खुलासा भागधारकांनी आताच मागावयास हवा.