पाच टक्क्यांची भिंत आणि फ्लेन्सबुर्गचे डॅनिश मतदार

फ्लेन्सबुर्ग हे जर्मनीच्या उत्तर टोकाचे, डेन्मार्कच्या सीमेला लागून असलेले शहर. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या विधानसभेचा हा एक मतदारसंघ आहे. १९२० च्या सार्वमतात शहराने जर्मनीत राहण्याचा कौल दिला, पण डॅनिश भाषा आणि संस्कृती जपणारा समाज इथेच राहिला. आज या भागात डॅनिश अल्पसंख्याकांची संख्या सुमारे ५० हजार मानली जाते. एवढ्या लहान समाजाचा आवाज विधानसभेत कसा पोहोचतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे विधानसभेला एकच मत असते आणि ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. तिथे प्रत्येकाला दोन मते असतात. पहिले मत मतदारसंघातील उमेदवाराला. असे ३५ मतदारसंघ आहेत. दुसरे मत पक्षाच्या यादीला. विधानसभेच्या किमान ६९ जागा या दुसऱ्या मतांच्या प्रमाणात पक्षांना मिळतात. पक्षाने मतदारसंघांत थेट जिंकलेल्या जागा त्याच्या वाट्यातून वजा होतात आणि उरलेल्या जागा यादीतून भरल्या जातात. मतदानाचे वय १६ वर्षे आहे.

मात्र यात एक अट आहे. राज्यभरात किमान ५ टक्के मते किंवा एका मतदारसंघात थेट विजय, यांपैकी काहीच नसेल तर पक्षाला जागावाटपात स्थान नाही. अल्पसंख्याकांची अडचण इथेच होते.

डॅनिश आणि फ्रिशियन अल्पसंख्याकांचा पक्ष म्हणजे १९४८ साली स्थापन झालेला एसएसडब्ल्यू. १९५० मध्ये त्याचे चार आमदार होते. त्यानंतर राज्याने ही अट थेट साडेसात टक्क्यांवर नेली. १९५२ मध्ये केंद्रीय घटनात्मक न्यायालयाने ती वाढ रद्द केली. तरीही १९५४ मध्ये पक्षाला ३.५ टक्के, म्हणजे सुमारे ४२ हजार मते मिळाली आणि एकही जागा मिळाली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी सीमेपलीकडे डेन्मार्कमधील जर्मन अल्पसंख्याकांच्या पक्षाने दहा हजारांहून कमी मतांत संसदेत एक जागा मिळवली होती. ही विसंगती दोन्ही देशांना टोचली. १९५५ च्या बॉन-कोपनहेगन घोषणांच्या वेळी हा प्रश्न पुढे आला आणि डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला ५ टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली.

ही राखीव जागा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. जागा फुकट मिळत नाही, एका जागेपुरती मते मिळवावीच लागतात. उमेदवार कोण हे पक्ष स्वतः ठरवतो. त्यामुळे निवडून आलेला प्रतिनिधी मोठ्या पक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

२०१२ मध्ये याचे महत्त्व स्पष्ट दिसले. एसएसडब्ल्यूला ४.६ टक्के मते आणि तीन जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅट २२, ग्रीन १० आणि हे ३, असे ६९ पैकी ३५ आमदारांचे सरकार बनले. बहुमत फक्त एकाचे! एसएसडब्ल्यूच्या आंके स्पोरेनडोंक मंत्री झाल्या. मग या सवलतीलाच आव्हान दिले गेले, पण २०१३ मध्ये राज्याच्या घटनात्मक न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२२ मध्ये तर पक्षाने ५.७ टक्के मते घेऊन ती भिंत स्वबळावर ओलांडली.

मित्रांनो, मतदानाचा हक्क १९५४ सालीही त्या ४२ हजार लोकांना होता, प्रतिनिधी मात्र नव्हता. पुढच्या वर्षी मतदार तेच राहिले, कायद्यातला नियम बदलला. म्हणून कार्यकर्त्यांनी निकालाच्या आकड्यांइतकेच निवडणुकीचे नियमही बारकाईने वाचले पाहिजेत.