मनोरे पाडणारा वकील

१९४२ साली उल्हासनगर हे नाव अस्तित्वात नव्हते. युद्धकाळात कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभी राहिली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथला विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. कल्याणवरून घाट चढून पुण्याला विजेवरची गाडी जात होती. इंग्रजांच्या युद्धाला हातभार लावणारी कितीतरी यंत्रे या पट्ट्यात किंवा इथून तासा-दोन तासांवरच्या मुंबईत होती. वीज मात्र सह्याद्रीतून यायची. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची जलविद्युत केंद्रे घाटावरचे पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे चालवत. लोखंडी मनोऱ्यांच्या रांगांवरून ती वीज ज्या गावांच्या डोक्यावरून जाई, त्या गावांत चिमणी-कंदिलाचा उजेड होता.

ही रांग तोडता येईल, हे माथेरानच्या एका वकिलाने हेरले.

तरुण क्रांतिकारक म्हटला की ठाणे जिल्ह्यात पहिल्यांदा अनंत कान्हेरे आठवतो. नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडून १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला अठरा वर्षांचा मुलगा. माथेरानचे हे वकील, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, या साच्यात बसत नाहीत. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. साहेबांच्या आणि शेठजींच्या या हवा खाण्याच्या गावात गरिबाच्या मुलाने कायद्याची पदवी घेतली. माथेरानच्या नगरपालिकेच्या कारभारातही ते पडले. घर, संसार, वकिली, मान, सगळे जागच्या जागी होते. असा माणूस तिशीत हे सारे सोडून रानात जातो, ही मला जास्त अवघड गोष्ट वाटते.

त्यांची खरी तयारी ऑगस्ट १९४२ च्या आधीच झाली होती, आणि तिच्यापाशी चरित्रकथांत फार कोणी थांबत नाही. कर्जत-नेरळच्या खोऱ्यात भात एकदाच पिकते. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात. मग ठाकूर, कातकरी, आगरी, कुणबी घरातला माणूस सावकाराच्या दारात खावटी मागायला उभा राहायचा, आणि उचललेले भात पीक निघाल्यावर दिडी-दुपटीने फेडायचे. खळ्यावरची रास घरी पोचण्याआधीच निम्मी वाटेला लागे. कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या, म्हणजे अडीनडीच्या दिवसांत भात गावातच मिळावे आणि सावकाराचा उंबरा झिजवावा लागू नये. गावोगाव शाळा काढल्या, कुळांचे खटले चालवले. लोक त्यांना ‘भाई’ म्हणू लागले. पुढे काही महिने सरकारला हवा असलेला माणूस याच गावांच्या आसऱ्याने राहिला.

८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत तुकडीत शेतकरी होते, शाळामास्तर होते. गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी, असे बापलेक एकाच दस्त्यात होते. बंदुकीच्या बळावर सरकारशी टक्कर घेता येणार नाही, हे त्यांना कळत होते. मनोरा मात्र रानात एकटा उभा असतो. दर मनोऱ्यावर रात्रंदिवस पहारा ठेवणे कुठल्याच सरकारला परवडत नाही. लोखंडाचे पाय कापायला स्फोटके लागत नाहीत. लागतात हाताने चालवायच्या पोलादी करवती, अंधार आणि दम. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अकरा मनोरे आडवे केल्याची नोंद आहे. त्याचा फटका मुंबईच्या कारखान्यांना आणि रेल्वेला बसला. सरकारने कोतवालांना पकडून देणाऱ्यास अडीच हजार रुपयांचे इनाम लावले. तेव्हाच्या खेडुताला ही रक्कम जन्मभराच्या कमाईसारखी वाटली असेल.

पाठलाग वाढला तसा दस्ता मुरबाडच्या बाजूला सरकला. भीमाशंकरच्या कड्यांखालचे सिद्धगडाचे रान म्हणजे दाट झाडी, ओढे आणि चढायला मोजक्या वाटा. लपायला उत्तम, पण वाट अडवली की सुटका कठीण. खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने मुक्काम वेढला. हिराजी पाटील गोळी लागून पडले. कोतवालांच्या मांडीत गोळी घुसली. जखमी अवस्थेत ओळख पटल्यावर हॉलने त्यांना जवळून गोळी घातली, असे या लढ्याच्या कथनांत सांगितले जाते. तसे असेल तर ती चकमक नव्हे, खून होता. भाई तीस वर्षांचे होते.

मुंबईकराला ‘वीर कोतवाल उद्यान’ ठाऊक असते ते दादरच्या प्लाझा सिनेमामुळे. कोतवाल कोण, हे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. सिद्धगडच्या पायथ्याला कोतवाल आणि हिराजी या दोघांचे स्मारक आहे आणि दर २ जानेवारीला तिथे माणसे जमतात. अंबरनाथ-बदलापूरकरांना ते लांब नाही. बारवी धरणावरून म्हशाच्या जत्रेला जी मंडळी पौषात घोंगड्या घ्यायला जातात, त्यांनी तिथून पुढे नारिवलीच्या अंगाला वळायचे एवढेच.

कोतवाल आणि हिराजी यांची नावे दगडावर कोरली गेली आहेत. त्यांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, रात्री माळ्यावर झोपू देणाऱ्या घरांची नावे बहुतेक कुठेच नाहीत. कर्जत, मुरबाड, बदलापूरच्या ज्या वाचकांच्या घरात आजी-आजोबांनी सांगितलेली दस्त्याची अशी एखादी आठवण असेल, त्यांनी ती नावगावासह लिहून काढावी आणि जवळच्या ग्रंथालयात एक प्रत द्यावी.