वास कोठे लपतो?

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागपूर सोडले, की काही वेळाने भंडारा रोड हे स्थानक लागते. नाव भंडाऱ्याचे असले, तरी हे स्थानक वरठी या गावी आहे. वरठीला पोलादाचा मोठा कारखाना आहे आणि गावाच्या आसमंतात धानाची शेते आहेत. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून येथे पुष्कळ तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात असल्यामुळे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. आता त्यांना ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक ‘मामा तलाव’ असे म्हणतात. या तलावांनी धानाला पाणी दिले, त्याचप्रमाणे घरोघरच्या जेवणाला मासोळीही दिली.

भात, मासोळीचा रस्सा आणि लसूण-मिरचीचा ठेचा असे जेवण झाल्यावर सर्वजण तृप्त होतात. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात दूध तापविले, तर दुधाला मासोळीचा वास येतो. ज्या मिक्सरमध्ये लसूण वाटला, त्यातच पुरण वाटले तर सणाचा गोड घास तोंडात घेताच कपाळाला आठी पडते. भांडे तर लख्ख घासलेले दिसते. मग हा वास राहिला कोठे?

वास ही काही अदृश्य छाया नव्हे. ज्या वस्तूचा वास येतो, त्या वस्तूचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळून आपल्या नाकात येतात. नाकाच्या वरच्या भागात हे कण ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींवर वास टिपणारे ग्राहक असतात. मनुष्याच्या नाकात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. अमेरिकेतील लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ साली या ग्राहकांचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा भांड्याला वास येतो याचा अर्थ एवढाच, की त्या पदार्थाचे काही कण अजून भांड्यात आहेत आणि ते हळूहळू हवेत उडत आहेत. ते कण काढून टाकले, किंवा त्यांचे उडणे थांबविले, म्हणजे वास गेला. स्वयंपाकघरात उदबत्ती लावल्याने यांपैकी काहीच होत नाही. एका वासावर दुसरा वास चढतो, इतकेच.

मासोळीचा वास कसा उत्पन्न होतो, हे पाहण्यासारखे आहे. समुद्रातील मासे खाऱ्या पाण्यात राहतात. त्या खारेपणाला तोंड देता यावे म्हणून त्यांच्या शरीरात एक विशिष्ट द्रव्य असते. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर सूक्ष्म जंतू त्या द्रव्याचे ट्रायमिथिलअमाइन नावाच्या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करतात. बोंबील, सुकट यांचा जो उग्र दर्प येतो, त्यात या द्रव्याचा मोठा वाटा असतो. हे द्रव्य अल्कधर्मी आहे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे आहे. त्याला चिंचेच्या कोळातील किंवा लिंबाच्या रसातील आम्ल भेटले, की दोहोंचा संयोग होऊन एक लवण तयार होते. लवण पाण्यात विरघळते, पण हवेत उडत नाही. जे हवेत उडत नाही, ते नाकापर्यंत पोचतही नाही. मासोळीच्या रश्श्यात चिंच, कोकम किंवा लिंबू घालण्याची चाल केवळ चवीसाठी पडली असेल, असे म्हणवत नाही.

तलावातील मासोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यात वर सांगितलेले द्रव्य फारच थोडे असते. तिला पुष्कळदा चिखलाचा वास येतो आणि तो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. तलावाच्या पाण्यात व मातीत राहणारे काही सूक्ष्म जीव हे द्रव्य तयार करतात आणि पाण्यातून ते माशाच्या अंगात शिरते. १९६५ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढून त्याला हे नाव दिले. मनुष्याचे नाक या द्रव्याच्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत याचे पाचदहा भाग असले, तरी कित्येकांना ते जाणवते. मौजेची गोष्ट अशी, की मृगाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या मातीतून जो सुगंध सुटतो, त्यातही हेच जिओस्मिन असते. मातीत ते मनाला मोहून टाकते आणि ताटात आले, की नको वाटते! आम्लाने याचेही विघटन होते. म्हणून मासोळी कोणत्याही पाण्यातील असो, ती शिजविलेल्या भांड्याला चिंच किंवा लिंबाची फोड चोळावी, दहापंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग नेहमीप्रमाणे घासावे. हे करण्यापूर्वी भांडे गार पाण्याने विसळून घेतलेले बरे. आधीच कढत पाणी ओतले, तर मासोळीचा चिकटा शिजून भांड्याला अधिकच घट्ट बसतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव आहे. चिंच चोळून पितळेचे भांडे सोन्यासारखे उजळते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण चिंच चोळून लगेच धुणे वेगळे आणि आंबट पदार्थ पितळेत ठेवणे वेगळे. पितळेत तांबे व जस्त असते. आंबट रस्सा, ताक किंवा कढी कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात राहिली, तर आम्लामुळे तांब्याचा अंश तिच्यात उतरतो. अशा पदार्थाला ‘कळकला’ असे म्हणतात. तो पोटात गेल्यास मळमळ व वांत्या होतात. भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप, म्हणजेच कल्हई, देण्याची पद्धत याच कारणाने पडली.

मासोळीचा वास आम्लाने जातो म्हणून प्रत्येक वासाला लिंबू चोळीत बसणे मात्र व्यर्थ आहे. दुधाच्या भांड्याला किंवा डोशाचे पीठ ठेवलेल्या डब्याला जो आंबूस वास येतो, तो मुळातच आम्लाचा असतो. तेथे उलट गुणाचे द्रव्य पाहिजे. खाण्याचा सोडा सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे तेथे उपयोगी पडतो. कोमट पाण्यात चमचाभर सोडा मिसळून ते डब्यात तासभर ठेवले, की आंबूसपणा जातो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र सोडा फार वेळ ठेवू नये. त्याने भांडे काळवंडते. कित्येक लोक लिंबू आणि सोडा एकदमच घालतात. मिश्रण जोराने फसफसते आणि आता वास खात्रीने जाणार, असे वाटते. वास्तविक त्या फसफसण्यात लिंबाचे आम्ल व सोडा एकमेकांना निष्प्रभ करून टाकतात आणि बराचसा भाग साध्या पाण्याचा उरतो. फेस पाहून गुणाची परीक्षा करू नये.

या सर्वांहून हट्टी वास लसणाचा. अखंड लसणाच्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली, की तिच्या पेशी फुटतात, आतील निरनिराळी द्रव्ये एकत्र येतात आणि क्षणार्धात ॲलिसिन नावाचे गंधकयुक्त उग्र द्रव्य तयार होते. ॲलिसिन व त्यापासून होणारी इतर द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली मिसळतात. म्हणून नुसत्या पाण्याने कितीही विसळले तरी ती हटत नाहीत. तेलकट थर सुटण्यासाठी साबण व कोमट पाणी लागते.

तरीही मिक्सरचा वास पुष्कळदा राहतो, आणि त्याचे कारण भांड्याच्या पोलादात नसते. पोलादाचा पृष्ठभाग गुळगुळीत व अभेद्य असतो. त्यावर कण बसतील, पण आत शिरणार नाहीत. झाकणाखालची रबरी रिंग आणि प्लॅस्टिकचे झाकण यांची गोष्ट तशी नाही. वरून ती अखंड दिसली, तरी रबराच्या व प्लॅस्टिकच्या आतील रचनेत अतिसूक्ष्म मोकळी जागा असते. तेलात मिसळणारे वासाचे कण तिच्यातून आत झिरपतात आणि पुढे कित्येक दिवस थोडे थोडे बाहेर येत राहतात. प्रेशर कुकरच्या रिंगला डाळीचा व मसाल्याचा वास कायमचा का चिकटतो, याचेही उत्तर हेच. जुन्या काळच्या पाट्याला रिंग नव्हती आणि झाकणही नव्हते. पाटा-वरवंटा धुऊन उन्हात उभा केला, की काम संपत असे. सोयीचे यंत्र आले, त्याबरोबर वासाला लपायला जागाही आली.

मिक्सरमध्ये दुसरी अडचणीची जागा पात्यांच्या खाली असते. तेथे ठेच्याचा अंश अडकतो व कुजू लागतो. वाटण झाल्याबरोबर भांड्यात पाणी व साबणाचे दोन थेंब घालून मिक्सर क्षणभर फिरवावा, म्हणजे हा अंश वाळण्यापूर्वीच सुटतो. नंतर भांडे यंत्रावरून उतरवावे, विजेची पिन काढून ठेवावी आणि पात्यांखाली जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासावे. पाती धारदार असतात, म्हणून हे काम घरातील मोठ्या माणसाने करावे किंवा ती जवळ असताना करावे. भांडे पुरते कोरडे झाल्यावर त्यात मूठभर तांदळाची कणी फिरविली, तर तिचे पीठ उरलासुरला तेलकटपणा शोषून घेते. धान पिकविणाऱ्या मुलखात कणीला तोटा नसतो. रिंग मात्र झाकणातून काढून वेगळी धुवावी आणि वाऱ्यावर पसरून ठेवावी. आत झिरपलेले कण बाहेर यायला वेळ हवा असतो. घासून घासून ती घाई होत नाही. ओलसर भांड्यावर झाकण घट्ट लावून ते फळीवर ठेवणे ही सर्वांत वाईट सवय होय. कोंदट ओलाव्यात जंतू वाढतात आणि जुन्या वासात नव्याची भर पडते. गोडासाठी एक रिंग व तिखटासाठी दुसरी ठेवावी, हा काही सुगृहिणींचा परिपाठ मोठा शहाणपणाचा आहे.

फ्रीजमध्ये वास भांड्याला चिकटत नाही. तो कोंडलेल्या हवेत फिरत राहतो. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. चिरलेला कांदा उघडा ठेवला, तर त्याचे कण लोण्यात आणि सायीत उतरतात, कारण स्निग्ध पदार्थ असे कण चटकन शोषून घेतात. फ्रीजला वास आल्यास प्रथम विजेची पिन काढावी आणि वासाचे मूळ शोधावे. कोपऱ्यात विसरलेली वाटी, दाराच्या रबरी पट्टीच्या घडीत सांडलेले दूध किंवा पाठीमागच्या तबकात साचलेले पाणी हे बहुधा अपराधी असतात. मूळ काढल्यावर सोड्याच्या कोमट पाण्याने आतील भाग पुसावा.

त्यानंतर हवेत जे कण उरतात, त्यांच्यासाठी लाकडी कोळसा उत्तम. पोलाद कारखान्यांत दगडी कोळसा लोखंडाच्या खनिजातील ऑक्सिजन ओढून घेण्याच्या कामी येतो. फ्रीजमधल्या लाकडी कोळशाचे काम निराळे असते. तो वासाचे कण स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. त्याच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. मुद्दाम प्रक्रिया करून तयार केलेल्या एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्या ५०० चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील. कबड्डीचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असे मैदान १३० चौरस मीटरांचे होते. म्हणजे चिमूटभर कोळशात जवळजवळ चार मैदाने दडलेली असतात! पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा भरीत असत, तो याच गुणामुळे. चुलीतल्या कोळशात हा गुण कमी असतो, तरी वाटीभर तुकडे फ्रीजच्या एका कोपऱ्यात उघडे ठेवले तर फरक जाणवतो.

वास गेला की नाही, हे ठरविताना नाकावर लगेच विश्वास ठेवू नये. एकच वास सतत येत राहिला, की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. घरच्यांना न जाणवणारा वास पाहुण्याला दारातच जाणवतो, तो यामुळे. म्हणून दहा मिनिटे मोकळ्या हवेत फिरून यावे आणि मग भांडे हुंगून पाहावे.

वास घालविण्याच्या उत्साहात ब्लीचिंग पावडरमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी पुसण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो प्राणावर बेतू शकतो. नासलेल्या अन्नाचा वास सोड्याने किंवा मसाल्याने झाकून ते अन्न वाढणे हेही तितकेच घातक आहे, कारण तेथे वास हा दोष नसून सूचना असते.

स्वयंपाकघरात एक वास तर मुद्दाम घातलेला असतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा जाणवण्यासारखा वास नाही. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत गळालेला नैसर्गिक वायू कोणाच्याही लक्षात न येता साठला आणि स्फोट होऊन सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशा वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्याकडील सिलिंडरमध्येही इथिल मर्कॅप्टन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. लसणाच्या वासाप्रमाणे तेही गंधकयुक्त असते. हा वास आला, तर काडी ओढू नये; विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये; सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.