दोन 'हारामी' आणि एक जाळी!

टोकियोला ऑनसाइट गेलात की टीममधलं कुणी ना कुणी तुम्हाला 'याकिनिकू'ला नेणारच. टेबलाच्या मधोमध शेगडी, वर लोखंडी जाळी. वेटर कच्च्या मांसाचे पातळ काप आणून ठेवतो आणि गायब. आता भाजा आणि खा! हे सगळं मी अंजनगाव सुर्जीला घरी सांगितलं, तर काकूचा पहिला प्रश्न, "मंग हाटेलवाला काय करते बाप्पा?"

मेन्यू वाचताना मराठी माणसाला हसू आवरत नाही. 'कारुबी' म्हणजे बरगडीचं मांस, 'तान' म्हणजे जीभ आणि छातीपोटाच्या मधल्या पडद्याचं मांस म्हणजे चक्क 'हारामी'. एवढ्या नम्र वेट्रेसला "दोन हारामी" सांगायला जीभ रेटत नाही! हे सगळं बहुधा बीफ असतं, तेव्हा खात नसाल तर आधीच 'तोरी' म्हणजे चिकन मागा. ते मात्र आतपर्यंत शिजू द्या. कच्चं उचलायला चिमटा, खायला चॉपस्टिक. दोन्हींची गल्लत नको.

गंमत म्हणजे जपानमध्ये इ.स. 675 मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कोंबडी वगैरेंचं मांस खायला बंदी घातली होती. 1872 मध्ये सम्राट मेईजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि हवा पालटली. आजचं याकिनिकू घडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, तिथल्या कोरियन लोकांच्या साध्या खाणावळींतून.

चव? झकास! पण आमच्या सहा जणांत एक जण शुद्ध शाकाहारी, आणि जाळी एकच. भोपळा, कांदा, मशरूम सगळं मिळतं हो, पण शेजारच्या मांसाची चरबी त्याच जाळीवर ठिबकत असते. बिचारा भात-लोणच्यावर हसतमुख बसला. शेवटी जपानी सहकाऱ्याने वेटरला हाक मारली, "आमी कोकान!" म्हणजे जाळी बदला. नवी कोरी जाळी आली, त्यावर आधी फक्त भाज्या भाजल्या आणि पठ्ठ्या जेवला. हे दोन शब्द पासपोर्टसोबत ठेवा. ऑफिसच्या पार्टीत एकाने नुसतं बघत बसायचं, याला पार्टी म्हणत नाहीत.

काकूला मात्र हा प्रॉब्लेमच कळेना. आमच्या वऱ्हाडात शेतात रोडग्यांचा बेत असतो, तिथे निखारे सगळ्यांचे एकच. जाडसर कणकेत ओवा, मीठ, तेल. तेल लावलेल्या छोट्या पाऱ्या एकावर एक ठेवून वरून मोठ्या पारीने बंद केलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजायचा, राख झटकायची, फोडून त्यावर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. मटण हवंच असेल तर त्याची हंडी बाजूला, वेगळ्या चुलीवर. पंगत एकच! घरी पाण्याचा ग्लासही जागेवर मागणारे आमचे काका इथे तासभर निखाऱ्यासमोर उकिडवे बसतात आणि काकू सावलीत बसून सूचना करते. (दुसऱ्या दिवशी ग्लास पुन्हा जागेवर. असो.)

2018 मध्ये टोकियोच्या शिम्बाशी भागात एकट्याने जेवण्यासाठी याकिनिकूचं दुकान निघालं, प्रत्येकाला स्वतःची छोटी शेगडी. जाळीचा वादच मिटला! पण एका माणसासाठी गोवऱ्या कोण पेटवणार?

शेत नसेल तर बहिरमची यात्रा आहेच. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते, जानेवारीत रंगते. अमरावतीहून परतवाडा, तिथून बैतूल रस्त्याने पुढे. मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे हीच तिथली ख्याती. टोकियोत बऱ्याच ठिकाणी धूर टेबलातच ओढून घेतात, तरी कोटाला वास येतो. इथे धूर थेट डोळ्यांत. लेन्स घरी ठेवा, आणि पांढरा शर्ट तर अजिबात नको.