कॉलेजमध्ये तलवारबाजीची स्पर्धा भरवायचीय? मग गणित आधी, बॅनर नंतर

हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये वाचून काढा.

तलवारबाजी म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा मर्दानी खेळ आठवतो. आज बोलायचंय ते ऑलिम्पिकमधल्या फेन्सिंगबद्दल. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून हा खेळ आहे, पण भारताचा पहिला खेळाडू तिथे पोहोचला 2021 मध्ये, टोकियोत. ती चेन्नईची भवानी देवी. पहिली लढत तिने 15-3 अशी जिंकली, दुसऱ्या लढतीत फ्रान्सच्या मानो ब्रुनेकडून 7-15 अशी हरली. त्यानंतर कॉलेजांत चौकशी वाढली, आणि सोलापुरातल्या एखाद्या क्लबने एक दिवसाची स्पर्धा घ्यायचं ठरवलं तर ते अजिबात अशक्य नाही. फक्त कुठे काय अडतं ते आधी कळायला हवं.

सगळ्यात आधी हत्यार ठरवा. प्रकार तीन: फॉईल, ईपी आणि सेबर. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी फक्त ईपी घ्या. फॉईल आणि सेबरमध्ये दोघांचे दिवे लागले तर हल्ल्याचा हक्क कुणाचा होता ते रेफरीला ठरवावं लागतं, आणि तसा अनुभवी रेफरी पटकन मिळत नाही. शिवाय त्यात धातूच्या धाग्याचं वेगळं जॅकेट लागतं. ते महाग असतं आणि घामाने खराब होतं. आपल्या सोलापुरात घामाची कमतरता आहे का? ईपीमध्ये पूर्ण शरीर लक्ष्य असतं, हल्ल्याच्या हक्काची भानगड नाही. साधारण 40 ते 50 मिलिसेकंदांच्या आत दोघांनी टोचलं तर दोघांनाही गुण. हा हिशोब मशीन ठेवतं. थोडक्यात, ज्याचा सिग्नल आधी पोहोचला तो जिंकला, आणि फरक अगदीच कमी असेल तर दोघेही. आम्हा कोडिंगवाल्यांना हे लगेच पटतं.

आता जागा. पिस्ट, म्हणजे लढतीची पट्टी, 14 मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. बॅडमिंटन कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद. म्हणजे एका कोर्टच्या रुंदीत दोन पट्ट्या आरामात बसतात, फक्त दोन्ही टोकांना मागे सरकायला मोकळी जागा हवी. आणि एक सुख: बॅडमिंटनला पंखे बंद ठेवावे लागतात, इथे बिनधास्त चालू ठेवा. धातूची पट्टी नसेल तर टोक जमिनीवर आपटलं तरी दिवा लागतो. तो गुण द्यायचा नाही, हे रेफरीने सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकावं, म्हणजे वाद टळतो.

वेळेचं गणित मात्र शांतपणे करा. समजा 24 खेळाडू आले. सहा-सहाचे चार गट. सहा जणांत प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत म्हणजे 15 लढती, चार गटांच्या 60. गटातली लढत पाच गुणांची किंवा तीन मिनिटांची, पण वायर लावणं, टोक तपासणं धरून सहा मिनिटं मोजा. दोन पट्ट्यांवर प्रत्येकी 30 लढती, म्हणजे तीन तास. मग वरचे 16 बाद फेरीत घेतले तर आणखी 15 लढती. या 15 गुणांच्या, तीन मिनिटांचे तीन भाग, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. प्रत्येकीला वीस मिनिटं धरली तर दोन तास चाळीस मिनिटं. जेवण, उद्घाटन, पाहुण्यांचं भाषण (हे आवरतं घ्या हो!) धरून सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळी पाचला संपतं. मुलींचा गट वेगळा ठेवायचा असेल तर पट्ट्या वाढवा, नाहीतर दोन दिवस घ्या.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एकाच कॉलेजचे दोघे एका गटात आले तर त्यांची लढत सगळ्यात आधी लावा. शेवटी लावली तर मित्राला पुढे ढकलण्यासाठी कुणी मुद्दाम हरू शकतं. बाद फेरीचा क्रम आधी जिंकलेल्या लढतींच्या प्रमाणावरून, मग दिलेले वजा खाल्लेले गुण, मग दिलेले गुण. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. शीट प्रोजेक्टरवर दाखवा, शंकाच उरत नाही.

आता जिथे तडजोड चालत नाही तिथे येऊ. 1982 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा ऑलिम्पिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव लढत असताना समोरच्याचं पातं तुटलं आणि तुटका भाग मास्कच्या जाळीतून आत घुसला. त्यात तो गेला. त्यानंतर पात्यांचं पोलाद, मास्क आणि कपडे यांचे नियम कडक झाले. म्हणून सकाळी पहिल्या लढतीआधी टेबल लावा आणि प्रत्येकाचं किट तपासा. मास्कच्या जाळीला गंज किंवा पोचा आहे का? जॅकेटच्या आत काखेचं संरक्षण देणारं प्लास्ट्रॉन घातलंय का? मुलींनी छातीचं कवच घातलंय का? ग्लोव्ह जॅकेटच्या बाहीवर चढतोय ना? ईपीच्या टोकाने 750 ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे. मास्क नापास झाला तर खेळाडू कितीही लांबून आलेला असो, दुसरा मास्क मिळेपर्यंत पट्टीवर पाऊल नाही. क्लबने दोन-तीन जादा मास्क ठेवले तर कुणाला रडत परत जावं लागत नाही. डॉक्टर हॉलमध्येच हवा, फोनवर नव्हे.

तारीख निवडताना जानेवारीचा मधला आठवडा टाळा. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, लॉज मिळणार नाही. एप्रिल-मे मध्ये त्या जाड जॅकेटात 40 अंशांच्या वर कुणी उभं राहणार नाही. फेब्रुवारी बरा. पुण्याची मंडळी आदल्या संध्याकाळच्या हुतात्माने येतील, मुंबईकर रात्रीच्या सिद्धेश्वरने परततील. म्हणून बक्षीस समारंभ रात्रीपर्यंत ताणू नका.

आणि शेवटचं, पोस्टर छापण्याआधीचं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे "सर्टिफिकेट चालेल का?" हा पहिला फोन येणारच. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धा लागतात. क्लबने भरवलेल्या आमंत्रित स्पर्धेचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. कुणीतरी घरून उसने पैसे घेऊन त्या कागदासाठीच येत असेल. त्यामुळे ही ओळ बारीक अक्षरांत खाली नाही, फीच्या आकड्याशेजारी मोठ्या अक्षरांत छापा.