लाटांचे गणित आणि उपग्रहांची साक्ष

लाटांचे संगणकीय मॉडेल म्हणजे मूलतः ऊर्जेचा जमाखर्च. वाऱ्याने समुद्राला किती ऊर्जा दिली, लाटा फुटताना किती गेली आणि लाटांच्या आपसातील देवाणघेवाणीत ती कुठून कुठे सरकली, हे समुद्रावर कल्पिलेल्या जाळीच्या चौकोनाचौकोनात मोजले जाते. या देवाणघेवाणीचे गणित क्लाउस हासेलमान यांनी १९६२ मध्ये मांडले. ते थेट वापरणारे ‘वॅम’ हे मॉडेल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘वेव्हवॉच’ आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी ‘स्वान’ आले. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र मच्छीमारांना लाटांचे इशारे देते, तेही अशाच मॉडेलांच्या आधारे.

हिशेब बरोबर आला की नाही, हे पूर्वी समुद्रात तरंगत्या बोयांच्या मापांवरून ठरे. पण बोये बहुतेक किनाऱ्याजवळ आणि उत्तर गोलार्धात. दक्षिण महासागर जवळजवळ मोकळाच. ही उणीव रडार अल्टिमीटरने भरून काढली. उपग्रह खाली स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनी टिपतो. समुद्र सपाट असेल तर प्रतिध्वनी एकदम चढतो. खवळलेला असेल तर लाटांच्या माथ्यांवरून तो आधी येतो, खळग्यांतून नंतर, आणि चढ तिरका होतो. त्या तिरकेपणावरून लाटांची ‘लक्षणीय उंची’, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी, काढता येते. १९७८ च्या ‘सीसॅट’नंतर ‘जिओसॅट’, ‘टोपेक्स’, ‘जेसन’ असे उपग्रह येत गेले. २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ त्यांतलाच. फेब्रुवारी २०११ मध्ये उत्तर अटलांटिकमधील एका वादळात ‘जेसन-२’ने २०.१ मीटर लक्षणीय उंची नोंदवली.

तुलना वाटते तितकी सरळ नाही. उपग्रह एका अरुंद रेषेवरून जातो. ‘जेसन’ त्याच रेषेवर सुमारे दहा दिवसांनी परततो. त्यामुळे मॉडेलचे आकडे त्या रेषेवर, त्या क्षणापुरते काढावे लागतात. किनाऱ्याजवळ जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो, जोरदार पावसात संकेत बिघडतो. अशी मापे आधी गाळायची. अल्टिमीटरही बोयांशी ताडून दुरुस्त केलेला असावा लागतो. आणि ज्या उपग्रहाची मापे मॉडेलमध्ये आधीच मिसळली आहेत, त्यालाच परीक्षक नेमण्यात अर्थ नाही. हा नियम उघड असला तरी मोडायला सोपा आहे.

सरासरी चूक, वर्ग-माध्य-मूळ चूक, सहसंबंध हे आकडे प्रत्येक अहवालात असतात; पण खरी माहिती देतो तो चुकांचा नकाशा. पॅसिफिकमधील लहान बेटांच्या मागे मॉडेल लाटा जास्त दाखवत असे, कारण बेटे जाळीच्या चौकोनापेक्षा लहान असल्याने गणितात नव्हतीच. ती अडवणूक नंतर वेगळी घालावी लागली. उष्णकटिबंधीय पूर्व पॅसिफिकमध्ये चूक दुरून येणाऱ्या लांब लाटांची होती. त्या वाटेत किती ऊर्जा गमावतात, याचा अंदाज उपग्रहांच्या रडार-चित्रांवरून बांधल्यावर २०१० च्या सुमारास नवी सूत्रे आली. सर्वांत मजेदार प्रकरण दक्षिण महासागरातले. तिथे काही काळ लाटा मॉडेलपेक्षा कमी भरत होत्या. लहान हिमनग त्यांना अडवत होते, आणि ते हिमनगही अल्टिमीटरच्या प्रतिध्वनीतच सापडले.

बऱ्याचदा दोष लाटांच्या मॉडेलचा नसून त्याला पुरवलेल्या वाऱ्याचा असतो. पूर्ण वाढलेल्या समुद्रात लाटांची उंची साधारण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वाऱ्यात दहा टक्के चूक झाली की उंचीत वीसेक टक्के येते. पावसाळ्यातला अरबी समुद्र तर आणखी कठीण परीक्षा. इथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटांत दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लांब लाटा मिसळतात, आणि अल्टिमीटर फक्त एकूण उंची सांगतो. दोन्ही वाटे चुकूनही बेरीज जुळू शकते. रत्नागिरी-कारवारसारख्या ठिकाणचे बोये म्हणूनच अजून लागतात: ते लाटांचा आवर्तकाळ आणि दिशाही मोजतात. २०१८ मध्ये सोडलेल्या चीन-फ्रान्सच्या ‘सीएफओसॅट’वरील फिरते रडार लांब लाटांची दिशा व लांबी अवकाशातूनच टिपते, त्यामुळे खुल्या समुद्रातही दोन्ही वाटे स्वतंत्रपणे तपासता येऊ लागले आहेत.