परसबागेतील चिचुंद्री आणि उंदीर : आधी ओळख, मग उपाय

वाफ्याची माती उकरलेली दिसली आणि रात्री भिंतीलगत एखादा करडा प्राणी धावताना दिसला, की उंदीर झाले असे समजून विषारी आमिष ठेवले जाते. पुष्कळदा तो प्राणी चिचुंद्री असतो. चिचुंद्री मारली जाते, उंदीर मात्र बिळात सुरक्षित राहतो आणि नुकसान चालूच राहते.

ओळख कशी पटवावी?

चिचुंद्री (हिंदी भाषक प्रदेशांत छछुंदर) उंदरासारखी दिसत असली तरी ती कृंतक गणातील नाही. ती कीटकभक्षी आहे. तिचे तोंड लांब, निमुळते व खालच्या जबड्याच्या पुढे आलेले असते. डोळे अगदी बारीक, तर शेपूट बुडाशी जाड असून तिच्यावर विरळ लांब केस असतात. कुशीतील ग्रंथींमुळे अंगाला उग्र दर्प येतो. एकमेकांच्या शेपटीजवळ धरून आईमागे रांगेने चालणारी पिल्ले दिसल्यास शंकेला जागा उरत नाही. उंदराचे डोळे टपोरे व कान मोठे असतात, तसेच पुढचे दात छिन्नीसारखे असतात.

नुकसान कोणाचे?

चिचुंद्री झुरळे, भुंगेरे, अळ्या व गोगलगायी खाते. गांडुळेही तिच्या आहारात असल्यामुळे गांडूळखताची टाकी जाळीने झाकावी. कोंबडीची लहान पिल्लेही रात्री बंदिस्त ठेवावीत.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात; त्यामुळे तो पेरलेले बी, शेंगा व कंद यांबरोबरच ठिबक सिंचनाच्या नळ्याही कुरतडतो. कुरतडलेल्या जागी दातांच्या जोड खाचा आढळतात. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असल्यास शेतातील उंदराचा संशय घ्यावा. दिवसा फळे कुरतडणारी बहुधा खार असते. मुंगूस मात्र उंदीर खातो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे.

काय करावे?

१. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जे बीळ उघडलेले आढळेल, तेच वापरातील समजावे.

२. त्या बिळाजवळ खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवावा. पिंजऱ्यात चिचुंद्री सापडल्यास तिला बागेतच सोडून द्यावे.

३. घराजवळ झिंक फॉस्फाईड वापरू नये. ते मुले, कुत्री, मांजरे व कोंबड्या यांनाही प्राणघातक ठरते.

४. पिंजरा हाताळताना हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो. चिचुंद्रीच्या अंगावरील पिसवाही रोग पसरवू शकतात. म्हणून तिला स्वयंपाकघरात व धान्याच्या कोठीत शिरू देऊ नये.

५. पालापाचोळ्याचे व विटांचे ढीग हलवावेत आणि पिकलेली फळे वेळेवर तोडावीत. आसरा व अन्न मिळेनासे झाले, की उंदरांची संख्या आपोआप घटते.